एकाग्रतेची पट्टी विकत घेण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा जवळ आल्या की ‘मेंदूला सौम्य विद्युतप्रवाह देऊन एकाग्रता वाढवा’ अशा जाहिराती मोबाइलवर दिसू लागतात. कपाळाला बांधायची पट्टी, दोन ओले स्पंज, एक छोटी बॅटरी आणि खाली ‘परदेशी विद्यापीठांत सिद्ध’ अशी ओळ. नीट, जेईई किंवा स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांचे पालक त्या एका ओळीवर विसंबून पैसे मोजतात. त्या विद्यापीठांत प्रत्यक्षात काय करतात, काय मोजतात आणि कुठे फसगत होते, हे आपल्या वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र. लक्ष का भटकते हे शोधायला मेंदूचे उद्दीपन, म्हणजे बाहेरून चुंबकीय क्षेत्र किंवा विद्युतप्रवाह वापरून मेंदूच्या कामात बदल घडवणे, हे फार मोलाचे साधन आहे. त्याला एकाग्रतेचे टॉनिक ठरवले की साधनाचीही बदनामी होते आणि मुलांचेही नुकसान होते.

आधी एक साधा प्रयोग डोळ्यांसमोर आणा. पडद्यावर हिरव्या चौकटींचे एक कडे आहे, सगळ्या चौकटी कोपऱ्यावर उभ्या, आणि त्यांत एकच हिरवे वर्तुळ. वर्तुळाच्या पोटात एक लहान रेघ आहे. ती आडवी की उभी, हे ओळखून सहभागीने एक बटण दाबायचे. वर्तुळ चटकन दिसते, काम सोपे आहे. आता काही फेऱ्यांत त्या चौकटींपैकी एक लाल करायची. लाल चौकटीचा कामाशी काहीही संबंध नाही आणि तिच्याकडे बघू नका असे आधीच बजावलेले असते. तरीही डोळा तिकडे ओढला जातो आणि उत्तर यायला काही मिलिसेकंद जास्त लागतात. नेदरलँड्समधील यान टेवेस यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेली ही चाचणी आजही जगभर वापरली जाते. लाल चौकट असतानाचा वेळ वजा ती नसतानाचा वेळ, ही झाली लक्ष विचलित होण्याची किंमत. मन भटकणे ही इतकी निसटती गोष्ट, पण ती अशी आकड्यात पकडता येते.

ही ओढ रोखणारे काम मेंदूचा कोणता भाग करतो? स्कॅनमध्ये एखादा भाग उजळला तर तो त्या कामाच्या वेळी जागा होता एवढेच कळते. काम त्यानेच केले का, हे कळत नाही. त्यासाठी त्या भागाच्या कामात क्षणभर अडथळा आणून काय बिघडते ते पाहावे लागते. पूर्वी यासाठी पक्षाघाताच्या रुग्णांवर अवलंबून राहावे लागे. उजव्या बाजूच्या पार्श्विका खंडाला, म्हणजे टाळूच्या मागच्या उजव्या भागाला इजा झाली की काही रुग्णांना डावीकडचे जगच जाणवत नाही. ताटातला डावीकडचा भात तसाच राहतो. पण रुग्णाची इजा संशोधकाच्या सोयीने होत नाही आणि ती एका जागेपुरती क्वचितच असते. १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याबाहेर धरलेल्या तारेच्या वेटोळ्याने (कॉइलने), कवटी न उघडता, हाताचे स्नायू हलवून दाखवले, तेव्हा निरोगी माणसात तात्पुरता आणि पूर्ववत होणारा अडथळा आणण्याची वाट खुली झाली. हेच टीएमएस, म्हणजे कवटीबाहेरून केलेले चुंबकीय उद्दीपन.

तत्त्व फॅरडेचेच आहे. इंग्रजी आठाच्या आकाराच्या कॉइलमधून हजारो अँपिअरचा प्रवाह मिलिसेकंदाच्या अंशाइतकाच वेळ सोडतात. कॉइलपाशी दीड-दोन टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र उमटते आणि विरते, आणि त्या बदलामुळे खालच्या मेंदूत प्रवाह निर्माण होतो. हा परिणाम दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच पोचतो. मेंदूच्या गाभ्यात या कॉइलने थेट हात घालता येत नाही. ‘मेंदूच्या मुळाशी जाऊन काम करते’ असे कोणी म्हणाले की तिथेच शंका घ्यावी.

आता निष्कर्ष पाहा, कारण जाहिरातींचा पाया इथेच डळमळतो. बर्मिंगहॅम विद्यापीठातील जॉन हॉडसोल, कार्मेल मेव्होराख आणि ग्लिन हम्फ्रीज यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उजव्या पार्श्विका भागावर लागोपाठ चुंबकीय स्पंदने दिली. ठळक पण बिनकामाच्या वस्तूकडे होणारी ओढ त्यानंतर कमी झाली. म्हणजे एका भागाच्या कामात अडथळा आणला आणि माणूस कमी विचलित झाला. दोन वर्षांनी, २०११ मध्ये, लंडनच्या र्योता कानाई आणि सहकाऱ्यांनी डाव्या पार्श्विका खंडाच्या वरच्या भागावर उद्दीपन केले, तेव्हा विचलित होणे वाढले. दैनंदिन विसराळूपणाची प्रश्नावली भरून घेतल्यावर ज्यांचे लक्ष जास्त भटकते असे दिसले, त्यांच्या मेंदूत याच डाव्या भागातला करडा पदार्थ (चेतापेशींचा थर) अधिक आढळला होता. एकीकडे हात लावला की ओढ कमी, दुसरीकडे लावला की जास्त. ठळक वस्तूकडे ओढणारी आणि ती ओढ थोपवणारी अशा यंत्रणा मेंदूत एकाच वेळी चालू असतात. त्यांतला तोल कामागणिक बदलतो. रस्ता ओलांडताना अचानक वाजलेल्या हॉर्नकडे लक्ष गेलेच पाहिजे. तिथे ‘विचलित न होणारा’ मेंदू धोक्याचा. ‘एकाग्रतेचे केंद्र’ चेतवण्याची भाषा या चित्रात कुठे बसत नाही.

अशी चाचणी नीट करायची तर काय काय करावे लागते, हेही सांगतो. माणूस खुर्चीत बसण्याआधी प्रश्नावली असते: फिट येण्याचा इतिहास, घरात कोणाला अपस्मार, डोक्यात धातूची क्लिप किंवा कानातले कॉक्लिअर यंत्र, पेसमेकर, गर्भारपण, चालू औषधे, आदल्या रात्रीची झोप, मद्य. झोप अपुरी असेल तर फिट येण्याचा उंबरठा खाली येतो, म्हणून आदल्या रात्री जागरण झालेल्या माणसाला त्या दिवशी परत पाठवायचे असते. बुप्रोपिऑन किंवा क्लोझापिनसारखी औषधेही तो उंबरठा खाली आणतात. नियम पाळले तर फिटचा धोका फार थोडा आहे, पण तो शून्य नाही, म्हणून खोलीत प्रशिक्षित माणूस आणि प्रथमोपचाराची सोय हवीच. हेअरपिन, कानातले, चष्मा काढून ठेवायचे. कॉइलचा प्रत्येक ठोका मोठ्याने ‘टक्’ वाजतो, म्हणून दोन्ही कानांत इअरप्लग सक्तीचे.

मग तीव्रता ठरवायची. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या स्नायूवर इलेक्ट्रोड चिकटवतात, कॉइल डोक्याच्या मध्यरेषेशी सुमारे ४५ अंशांत, मूठ मागच्या बाजूला ठेवून, हाताचा स्नायू चालवणाऱ्या जागेवर धरतात. दहा ठोक्यांपैकी किमान पाच वेळा स्नायूत ५० मायक्रोव्होल्टचा विद्युत प्रतिसाद उमटेल अशी सर्वांत कमी तीव्रता म्हणजे त्या माणसाचा उंबरठा. प्रयोगातली तीव्रता त्याच्या टक्क्यांत लिहितात. दोन माणसांचे उंबरठे बरेच वेगळे असतात, म्हणून यंत्रावरचा ‘६० टक्के’ हा आकडा एकटा काही सांगत नाही. आणखी एक अडचण इथे दडलेली आहे: उंबरठा हाताच्या केंद्रावर मोजला आणि स्पंदने पार्श्विका भागावर दिली, तर दोन्हीकडे कवटीपासून मेंदूचे अंतर सारखे नसते. हे अंतर एमआरआयवर मोजून दुरुस्ती करता येते. ती न करणारे प्रयोग बरेच असतात.

त्यानंतर येते जागा. ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरी नोंदवण्याच्या, मापांत नाकाच्या मुळापासून मानेवरच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत फीत टाकून टक्केवारीने खुणा करतात. उजव्या पार्श्विका भागाची खूण ‘पी ४’. फीत आणि मार्कर पेन एवढ्यावर काम भागते, म्हणून ही पद्धत लोकप्रिय आहे. पण प्रत्येकाच्या मेंदूच्या घड्या वेगळ्या. अलेक्झांडर साक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जागा शोधण्याच्या चार पद्धतींची तुलना केली. प्रत्येक माणसाच्या स्वतःच्या कार्यात्मक एमआरआयवरून (काम करताना मेंदूचा कोणता भाग उजळतो ते दाखवणाऱ्या) जागा शोधली तर परिणाम दिसायला ५ सहभागी पुरे पडतील असा हिशेब निघाला. नुसती रचना दाखवणाऱ्या एमआरआयवरून ९, गटाच्या सरासरीने ठरवलेल्या जागेवरून १३ आणि नुसत्या पी ४ खुणेवरून ४७. फीत टाकून केलेल्या १५ जणांच्या प्रयोगाची बातमी वाचताना हा आकडा आठवावा.

स्पंदनांची लय बदलली की परिणामही बदलतो. सेकंदाला एक याप्रमाणे दीर्घकाळ दिली तर खालच्या भागाची उत्तेजना साधारणपणे मंदावते. सेकंदाला पाच किंवा अधिक दिली तर वाढते. २००५ साली हुआंग आणि सहकाऱ्यांनी थीटा-बर्स्ट नावाचा आराखडा मांडला: तीन स्पंदनांचा झुपका, झुपक्यातला वेग ५० हर्ट्झ, आणि सेकंदाला असे पाच झुपके. ४० सेकंदांत अखंड ६०० स्पंदने दिली तर दडपण येते, आणि दोन सेकंद चालू, आठ सेकंद थांब अशी सुमारे तीन मिनिटे दिली तर चालना मिळते, असे मूळ शोधात दिसले. पुढे २०१३ मध्ये हमादा आणि सहकाऱ्यांनी पन्नासहून अधिक माणसांवर हेच करून पाहिले, तेव्हा गटाची सरासरी जवळजवळ हललीच नाही; कोणाची उत्तेजना वाढली, कोणाची घटली. ‘हा आराखडा चालना देतो’ असे सरसकट म्हणणारा माणूस दुसऱ्यांच्या मेंदूंवर काढलेली सरासरी तुमच्या माथी मारतो.

आता एक गोष्ट जवळून पाहू, कारण बातम्यांत ती हमखास निसटते. समजा उद्दीपनाआधी लाल चौकट असताना सरासरी ६२० मिलिसेकंद लागत होते आणि नसताना ५८०, किंमत ४०. उद्दीपनानंतर लाल असताना ६३० आणि नसताना ६१०, किंमत २०. विचलित होणे ‘निम्म्यावर आले’ असा मथळा सहज होईल. पण आकडे परत वाचा. माणूस दोन्ही प्रकारांत मंद झाला आहे. सोप्या फेऱ्यांत जास्त मंद झाला म्हणून वजाबाकी घटली, एवढेच. वजाबाकी हे फार फसवे मोजमाप आहे, त्यातले दोन्ही आकडे स्वतंत्रपणे छापले गेलेच पाहिजेत, आणि चुकांचे प्रमाणही. घाईने उत्तर देणारा माणूस वेळ वाचवतो आणि चुका वाढवतो. त्यात पडद्याचा प्रश्न: ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र बदलायला १६.७ मिलिसेकंद लागतात आणि साध्या कीबोर्डची स्वतःची ढिलाई निराळी. वीस मिलिसेकंदांचा फरक मोजायचा असेल तर आधी उपकरणाचा वेळ फोटोसेलने (प्रकाश टिपणाऱ्या संवेदकाने) तपासून घ्यावा लागतो. हे न केलेले निकाल उद्दीपनाबद्दल सांगतात की पडद्याबद्दल, ते ठरवता येत नाही.

लक्ष विचलित होण्याच्या अभ्यासात आणखी एक अडचण उद्दीपनानेच उभी केलेली असते. कॉइलचा ‘टक्’ आवाज आणि टाळूवरची टिचकी हीच मोठी विचलित करणारी गोष्ट! ठोका चित्राच्या जरा आधी पडला तर तो सूचना बनून माणसाला सावध करतो आणि उत्तर उलट वेगाने येते. कपाळाजवळ ठोका दिला तर पापण्या लवतात, कानशिलाजवळ दिला तर जबड्याचा स्नायू आखडतो आणि पडद्यावरचे चित्रच चुकते. म्हणून तुलनेसाठी टाळूच्या मध्यावर, आवाज आणि स्पर्श जवळपास तोच राहील अशी जागा घेतात. कॉइल नुसती तिरकी धरून केलेली बनावट फेरी पुरेशी नाही. वेगळे वाटते आहे हे सहभागी ओळखतात.

पट्टीतल्या बॅटरीचे तंत्र वेगळे: टीडीसीएस, म्हणजे कवटीवरून सोडलेला सरळ सौम्य प्रवाह. आजच्या स्वरूपात ते २००० साली जर्मनीतील गॉटिंगन येथे मायकल निट्शे आणि वॉल्टर पाउलुस यांच्या शोधनिबंधातून पुढे आले. प्रयोगशाळेत १ ते २ मिलिअँपिअर, साधारण २० मिनिटे, २५ किंवा ३५ चौरस सेंटिमीटरचे स्पंज. २ मिलिअँपिअर आणि ३५ चौरस सेंटिमीटर म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.०५७ मिलिअँपिअर. प्रवाह एकदम न सोडता सुमारे ३० सेकंदांत चढवतात आणि तसाच उतरवतात. स्पंज नळाच्या पाण्यात नव्हे, मिठाच्या सौम्य द्रावणात भिजवतात. नळाच्या पाण्याने त्वचेला जखमा झाल्याचे नोंदलेले आहे. द्रावण जास्त झाले तर ते केसांतून ओघळते आणि प्रवाह स्पंजाबाहेर पसरतो. कमी पडले तर कोरड्या कोपऱ्यात प्रवाह एकवटून चटका बसतो. आपल्याकडे यात खोबरेल तेलाची भर असते. तेल लावलेल्या केसांवर रोध एवढा वाढतो की यंत्र थांबते, किंवा माणूस स्पंज आणखी ओला करत बसतो. केस धुऊन, तेल न लावता, अंबाडा सोडून, त्वचा दिसेल अशी भांग पाडून स्पंज बसवावा लागतो.

घरी जोडलेल्या तारांत प्रवाह नियंत्रित करणारा भाग नसेल तर काय होते, ते साध्या भागाकाराने दिसते. नऊ व्होल्टची बॅटरी आणि ४५०० ओहम रोध असेल तर प्रवाह २ मिलिअँपिअर. त्वचा ओली होऊन रोध २००० वर आला की तोच प्रवाह ४.५ मिलिअँपिअर होतो. मध्येच तार निसटली तर डोळ्यांपुढे लख्ख चमक येते. रोध कितीही बदलला तरी प्रवाह ठरलेलाच ठेवणारे यंत्र हवे, आणि ते असले तरी मोठा प्रश्न उरतोच: एवढा प्रवाह मेंदूपर्यंत पोचतो किती? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मृतदेहांवर केलेल्या मोजमापात सुमारे तीन चतुर्थांश प्रवाह त्वचा, मऊ ऊती आणि कवटी यांतच खर्च होतो असे दिसले. २०१५ मध्ये हॉर्व्हाथ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा निरोगी माणसांना दिलेल्या एका बैठकीचा बौद्धिक कामांवर खात्रीलायक परिणाम त्यांना आढळला नाही. या आढाव्यावर पुढे बराच वाद झाला; त्यांच्या गणनेच्या पद्धतीवर आक्षेप घेणारेही जाणकार आहेत. पण ‘सिद्ध झाले’ हा शब्द वापरण्याजोगी स्थिती नाही, यावर त्यांतले बहुतेक सहमत होतील.

आणि जिथे फायदा दिसतो तिथे त्याची किंमतही मोजलेली आहे. ऑक्सफर्डमध्ये तेरेसा इउकुलानो आणि रोई कोहेन कदोश यांनी २०१३ मध्ये लोकांना कृत्रिम अंकचिन्हे शिकवली. मागच्या पार्श्विका भागावर प्रवाह दिला तेव्हा शिकणे लवकर झाले, पण शिकलेले आपोआप सुचण्यात अडचण आली. कपाळामागच्या भागावर दिला तेव्हा याच्या उलट घडले. एका कामात मिळवलेले दुसऱ्या कामात गमावले. मुलगा घरी पट्टी लावून गणिते सोडवताना त्याच वेळी कोणते दुसरे कौशल्य मंदावते आहे, हे मोजणार कोण? २०१६ साली याच क्षेत्रातल्या संशोधकांनी ‘अ‍ॅनल्स ऑफ न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात घरगुती वापर करणाऱ्यांना खुले पत्र लिहिले, त्यात ही देवाणघेवाणीची शक्यता स्पष्ट नोंदवली होती. प्रवाह फक्त स्पंजाखालीच राहत नाही आणि त्या वेळी माणूस काय करत आहे यावर परिणाम अवलंबून असतो, हेही तिथे लिहिले आहे.

मुलांबाबत तर अधिक जपायला हवे. त्यांची कवटी पातळ आणि डोके लहान असते, त्यामुळे प्रौढांइतकेच मिलिअँपिअर दिले तरी मेंदूत उमटणारे क्षेत्र अधिक तीव्र होऊ शकते, असे संगणकीय प्रतिमानांत दिसते. मोठ्यांवर ठरवलेली मात्रा मुलाच्या कपाळावर तशीच लावता येत नाही. भारतात अशा संशोधनाला नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. अल्पवयीन मुलांसाठी पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही घ्यावे लागतात. विकतच्या पट्टीच्या खोक्यात या दोन्हींची जागा नसते. ज्या मुलाचे लक्ष खरोखरच फार भटकते, त्याची तपासणी बालमानसोपचारतज्ज्ञाकडे व्हायला हवी. झोप, दृष्टी, ऐकू येणे, चिंता, अवधानाचा विकार, ही कारणे वेगवेगळी असतात आणि उपायही वेगळे.

तेव्हा आपल्याला एक विनंती. मेंदूच्या उद्दीपनाविषयी बातमी छापताना चार गोष्टी तिच्यातच द्याव्यात: सहभागी किती होते; बनावट उद्दीपन कसे दिले आणि ते खरे की खोटे हे सहभागींना ओळखता आले का; जागा फीत टाकून ठरवली की एमआरआयवरून; आणि लाल चौकट असतानाचा आणि नसतानाचा वेळ वेगवेगळा किती होता. मूळ शोधनिबंधात ही माहिती बहुधा ‘पद्धती’ या भागात आणि पहिल्या तक्त्यात असते. त्यासाठी वार्ताहराला मदत लागली तर आमच्या क्षेत्रातले लोक आनंदाने वेळ देतील.

आपले,
मेंदूविज्ञान आणि मानसशास्त्र शिकवणारे काही अध्यापक
पुणे